दोन ॲक्टिव्ह पोकेमॉनचा डाव मांडण्यापूर्वी

पोकेमॉन कार्डांचा नेहमीचा डाव दोन्ही बाजूंच्या एकेका ॲक्टिव्ह, म्हणजे पुढे राहून लढणाऱ्या, पोकेमॉनवर चालतो. दोन-दोन ॲक्टिव्ह ठेवून खेळण्याचा हौशी प्रकार त्याच 60 कार्डांच्या डेकने खेळता येतो. मात्र हल्ली छापल्या जाणाऱ्या कार्डांवरील मजकूर समोर एकच ॲक्टिव्ह आहे असे गृहीत धरून लिहिलेला असल्यामुळे, डाव रंगात आला की ‘हे आता दोघांपैकी नेमके कोणाला लागू?’ असा वाद हमखास निघतो. म्हणून तयारीतील मुख्य काम आहे ते ठरलेले नियम एका कागदावर उतरवून, पत्ते पिसण्यापूर्वी सर्वांसमोर वाचण्याचे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पावसाळ्यातील रविवारी जमणाऱ्या आठ-दहा जणांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील तयारी सांगितली आहे.

रविवार नक्की करताना मेगाब्लॉकचे वेळापत्रक आधी पाहावे, कारण ऐरोली किंवा वाशीहून ट्रान्स-हार्बरने येणारा एक जण अडकला तरी जोडी मोडते. टेबल टेनिसचे टेबल मोठे असल्याने मोह होतो. परंतु ते सुमारे दीड मीटर रुंद असते आणि तेवढ्या अंतरावरून समोरच्याच्या कार्डावरील बारीक अक्षर वाचता येत नाही. खेळाची मॅट साधारणपणे 61 सेंटिमीटर लांब आणि 35 सेंटिमीटर रुंद असते, त्यामुळे पाऊण मीटर रुंदीचे घडीचे टेबल दोघांना पुरते. कॅरमबोर्डावर डाव मुळीच मांडू नये. पावडर स्लीव्हला (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटाला) लागली की डेकची चळत हातात धरवत नाही. मांडणी करताना दोन ॲक्टिव्हच्या मध्ये किमान चार बोटे जागा सोडावी. झोपलेला पोकेमॉन डावीकडे आडवा, पॅरालाइझ झालेला उजवीकडे आडवा आणि कन्फ्यूज झालेला उलटा ठेवण्याची पद्धत आहे. कार्ड 63 मिलिमीटर रुंद आणि 88 मिलिमीटर उंच असल्यामुळे ते आडवे होताच शेजारच्यावर चढते आणि मग कोण झोपला आहे, हेच कळेनासे होते.

डेक तपासताना बेसिक, म्हणजे हातातून थेट मैदानात मांडता येणारे, पोकेमॉन आवर्जून मोजावेत. सुरुवातीच्या 7 कार्डांत दोन बेसिक आलेच पाहिजेत, अशी अट घालण्याचा मोह टाळावा, कारण 60 कार्डांत 12 बेसिक असतील तर सुमारे 57 टक्के वेळा हातात दोन बेसिक येत नाहीत. बेसिकांची संख्या 18 केली तरी हे प्रमाण 31 टक्क्यांच्या आसपास राहते. सारखे पत्ते परत पिसत बसण्यापेक्षा एका ॲक्टिव्हवर सुरुवात करण्याची मुभा द्यावी आणि बेंचवर (मागच्या राखीव रांगेत) कोणी असेल तर आपली पाळी संपण्यापूर्वी रिकामी जागा भरलीच पाहिजे, असा नियम ठेवावा. एकही बेसिक नसेल तर मात्र नेहमीप्रमाणे हात दाखवून पुन्हा पिसावे आणि समोरच्याला एक जादा कार्ड घेऊ द्यावे. बेंच पाचाऐवजी चारचा केल्यास मैदानात नेहमीइतकेच सहा पोकेमॉन राहतात.

आता तो कागद. एका पाळीत एकच एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायचे शक्तीचे कार्ड), एकच सपोर्टर (पाळीत एकदाच खेळता येणारे मदतीचे कार्ड) आणि एकदाच रिट्रीट (ॲक्टिव्हला बेंचवर मागे घेणे) हे मूळ नियम पूर्ण बाजूला मिळून लागू राहतील, प्रत्येक ॲक्टिव्हला वेगळे नाहीत, हे पहिल्या ओळीत लिहावे. एनर्जी दुप्पट केल्यास डाव रंगण्याआधीच आटोपतो, असे माझे मत आहे. दोन्ही ॲक्टिव्हना हल्ला करता येईल, पण पहिला हल्ला जाहीर झाल्यावर मध्ये आयटम (पाळीत कितीही खेळता येणारी मदतीची कार्डे) खेळणे किंवा एनर्जी जोडणे बंद. पहिल्या हल्ल्यात समोरचा एक बाद झाला तर त्याच्या जागी नवा लगेच आणायचा की दुसरा हल्ला झाल्यावर, यावर सर्वांत जास्त घासाघीस होते. दुसऱ्या हल्ल्यानंतरच आणावा, म्हणजे बेंचवरून नुकताच आलेला पोकेमॉन त्याच पाळीत मार खात नाही. प्रथम खेळणाऱ्याने पहिल्या पाळीत हल्ला करू नये आणि सपोर्टर वापरू नये, हा मूळ नियम येथे अधिकच गरजेचा आहे.

‘प्रतिस्पर्ध्याचा ॲक्टिव्ह’ असे कार्डावर असेल तेथे कार्ड खेळणाऱ्याने त्याच क्षणी दोघांपैकी एक निवडावा, आणि परिणाम पुढे टिकणारा असेल तर तो निवडलेल्यावरच राहावा. ‘बॉसेस ऑर्डर्स’ने बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढताना मागे कोणी जावे, हे ओढणारा ठरवील, ‘स्विच’ खेळताना आपला कोणता ॲक्टिव्ह बदलायचा, हे खेळणारा ठरवील. दुसरा ॲक्टिव्ह म्हणजे बेंच नव्हे, हेही स्पष्ट लिहावे: बेंचवर मारा करणारे हल्ले त्याला लागत नाहीत, उलट वीकनेस (ठरावीक प्रकारच्या हल्ल्याने जास्त इजा) आणि रेझिस्टन्स (कमी इजा) मात्र दोन्ही ॲक्टिव्हना धरावे लागतात. प्राइज कार्डे, म्हणजे सुरुवातीला उलटी बाजूला ठेवून समोरचा पोकेमॉन बाद केल्यावर उचलायची कार्डे, साध्या डेकला 6 ठीक आहेत. ईएक्स पोकेमॉन (बाद झाल्यास दोन प्राइज देणारे) असतील तर एकाच पाळीत दोन बाद झाल्यास चार प्राइज जातात, म्हणून दोन्ही बाजूंनी 8 मांडावीत.

पाळ्यांमधल्या तपासणीत विषाचा एक डॅमेज काउंटर (इजेची खूण), बर्नचे दोन आणि छापा-काट्याचे निकाल चारही ॲक्टिव्हसाठी पाहायचे असल्याने फासे पुरेसे ठेवावेत. नाण्याऐवजी फासा टाकून सम आल्यास छापा धरावा, म्हणजे टेबलाखाली घरंगळलेली नाणी शोधावी लागत नाहीत. डॅमेजसाठी फासे कमी पडल्यास चिंचोके चालतात.

पावसाळ्यात चकचकीत कार्डांना बाक येतो, तेव्हा ती स्लीव्हमध्ये घालून सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात आणावीत. स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी सोनेरी प्लास्टिकची कार्डे लहान मुले हौसेने आणतात. त्यांना हिरमुसले न करता, ज्या कार्डावरील हल्ला वाचून अर्थ लागतो तेवढीच घ्यावीत आणि ती जाडीने ओळखू येतात म्हणून कडेला वेगळा सरावाचा डाव लावून द्यावा.

क्लबहाऊसची वेळ संपण्याच्या पंधरा मिनिटे आधी कोणीतरी मोठ्याने सांगावे. चालू पाळी आणि त्यानंतर प्रत्येकी एक पाळी खेळून थांबावे, आणि ज्याची प्राइज कार्डे कमी उरली असतील तो विजयी धरावा, समसमान असल्यास डाव बरोबरीत सोडावा.