हेडलाइट लागत नाही? नवा बल्ब आणण्याआधी या चुका टाळा

एका बाजूचा हेडलाइट गेला की आपण सरळ नवा बल्ब आणतो. बऱ्याचदा ते बरोबरही ठरतं, कारण हॅलोजन बल्बची तार जळणं हाच सगळ्यात नेहमीचा बिघाड. खरी पंचाईत होते ती नवा बल्बही लागत नाही तेव्हा. मग फ्यूज ओढ, कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरचा प्लग) हलव, वायर खरवड असं सुरू होतं आणि मूळ दोष कुठे होता तेच कळेनासं होतं.

बॉनेट उघडण्याआधी बाकीचे दिवे बघा. एकाच बाजूचा लो बीम (जवळचा उजेड) बंद आणि हाय बीम (लांबचा) चालू असेल, तर संशय बल्बवरच. एच४ या प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, ५५ वॅटची लो आणि ६० वॅटची हाय. त्यातली एक जळली तरी दुसरी खुशाल चालते. दोन्ही बाजूंचे लो बीम एकदम गेले, तर स्विच, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) किंवा सामाईक फ्यूज बघायचा. मात्र इथे एक फसगत आहे. एक बल्ब बरेच दिवस आधीच उडालेला असतो, आपल्या लक्षात येत नाही, आणि दुसरा उडाला की ‘दोन्ही एकदम गेले’ असं वाटतं.

बल्ब नुसता उजेडाकडे धरून पाहणं ही पुढची चूक. तुटलेली तार दरवेळी दिसतेच असं नाही. त्यापेक्षा चालू बाजूचा बल्ब काढून बंद बाजूला लावा. तिथे तो लागला तर जुना बल्ब गेलेला, नाही लागला तर दोष पुढे वायरिंगमध्ये. रिलेचंही तसंच: फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असला, बरेचदा हॉर्नचा असतो, तर अदलाबदल करून बघा.

हे करताना बल्बच्या काचेला बोट लावू नका. त्वचेचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि काच तडकू शकते. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसा. नुकताच बंद केलेला बल्ब तर मुळीच धरू नका, चांगलाच चटका बसतो.

आता ज्या चुकीत मी स्वतः सापडलो ती. बल्ब काढला, कपलरच्या पिनांवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावला, बारा व्होल्ट दिसले. म्हणजे सप्लाय ठीक असं धरून मी दोन बल्ब बदलले, आणि दोन्ही पिवळट, मरतुकडे लागले. दोष होता अर्थिंगच्या, म्हणजे करंट परत बॅटरीकडे नेणारी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे आवळतात त्या, बोल्टखाली चढलेल्या गंजाचा. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. ५५ वॅटचा बल्ब मात्र साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो, आणि वाटेत जेमतेम एक ओहमचा अडथळा असला तरी तीनेक व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून तपासणी बल्ब लावून, लाइट चालू ठेवूनच करायची. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कपलरच्या मागच्या बाजूने अर्थच्या पिनला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. बोल्ट सोडवा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा. मीटर नसेल तर साधा टेस्ट लॅम्पही (वायर जोडलेला तपासणीचा छोटा दिवा) चालतो. तो थोडाफार करंट घेतो, म्हणून मीटरइतका फसत नाही. इंडिकेटर लावल्यावर हेडलाइटही सोबत लुकलुकत असेल, तर तीही अर्थिंगचीच खूण.

फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी जास्त अँपियरचा घालणं, किंवा त्याला चांदीचा कागद (फॉइल) गुंडाळणं, हा निव्वळ आगीशी खेळ. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो जळला नाही तर वायर जळते. त्याच अँपियरचा नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर पत्र्याला घासून शॉर्ट होतेय.

जास्त उजेडाच्या हौसेने १००/९० वॅटचे बल्ब लावतात तेव्हाही असाच घोटाळा होतो. करंट आठ अँपियरच्या पुढे जातो आणि मूळ कपलर वितळू लागतो. कपलर तपकिरी पडला असेल किंवा पिना सैल झाल्या असतील, तर नुसता बल्ब बदलून काही होणार नाही, कपलरच बदला.

बल्ब वरचेवर उडत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा असावं. पंधराच्या वर गेलं तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या रेग्युलेटरकडे (व्होल्टेज आवरणाऱ्या भागाकडे) बघा, बल्बला दोष देऊ नका.

एलईडी बल्ब लावून तो पेटलाच नाही, तर आधी उलटसुलट जोडणी तपासा. काही गाड्यांचा कॉम्प्युटर त्याचा कमी करंट पाहून बल्ब उडाल्याचीच सूचना देतो. झेनॉनच्या (तारेऐवजी वायूत ठिणगी पेटवून चालणाऱ्या) हेडलाइटमध्ये मात्र स्वतः हात घालू नका. सुरू होताना त्यात वीस हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो.

बल्ब परत बसवताना त्याचे कान खाचेत नीट बसले की नाही ते बघा. तिरका बसला तर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही बाजू जुळवून घ्या. आणि मागचं रबरी झाकण लावायला विसरू नका, नाहीतर पाणी आत जाऊन कपलरच्या पिना गंजून हिरव्या पडतील.