‘काल रात्री काय झालं?’ : रुग्णानुभवाच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या प्रकल्पातल्या पहिल्या सहा मुलाखती अक्षरशः फुकट गेल्या. सहाही जणांचं म्हणणं एकच: डॉक्टर चांगले, सिस्टर चांगल्या, काही तक्रार नाही. मला वाटलं, काय आदर्श वॉर्ड आहे! सातव्या मुलाखतीला एका आजींनी बोलता बोलता "सलाईन संपत आलंय का बघ गं" म्हणून मला सांगितलं आणि माझा दिवा पेटला. अंगात पांढरा एप्रन, गळ्यात तिथल्या स्टाफसारखंच ओळखपत्र. वॉर्डात कुणी अडवू नये म्हणून इन्चार्ज सिस्टरांनीच तो एप्रन दिला होता आणि मी तो खुशाल मिरवत होते. ज्यांच्या हातात आपली सुई आहे, त्यांच्यातलीच एक बाई "इथली सेवा कशी वाटली?" विचारतेय म्हटल्यावर पेशंट दुसरं काय सांगणार?

एप्रन काढला. पण चूक तेवढीच नव्हती, प्रश्नही चुकीचा होता. ‘कसं वाटलं’ विचारलं की मिळतं ते समाधान, अनुभव नव्हे. ज्याची अपेक्षाच कमी, तो थोडक्यात समाधानी असतो. शिवाय जीव वाचल्याची कृतज्ञता असते, अजून चार दिवस इथेच काढायचे आहेत ही भीती असते. म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा. त्या आजींना मी शेवटी एवढंच म्हटलं, "काल रात्री जेवणानंतर सकाळपर्यंत काय काय झालं, ते सांगा."

त्यांना रात्री लघवीला जायचं होतं. बेल उशाशी होती. हात नेला, तेवढ्यात वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला सिस्टर दिसली, पाठमोरी. "तिच्या पाठीवरूनच कळत होतं, तिला वेळ नाही ते." आजींनी हात मागे घेतला आणि उजाडेपर्यंत तशाच कळ काढत पडून राहिल्या. वर म्हणाल्या, "त्यात त्या पोरीची काय चूक?" डिस्चार्जच्या वेळी भरायच्या फॉर्मवर त्यांनी पाचापैकी पाच गुण दिले.

दोन दिवसांनी त्याच वॉर्डातल्या, रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरांची मुलाखत होती. रात्र चांगली गेली हे कसं ओळखता, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बेल फार वाजली नाही की चांगली गेली समजायची." मी गप्प बसले. आजींचं म्हणणं त्यांना सांगण्याचा मला अधिकार नव्हता. पण एकाच शांत बेलचा अर्थ दोन बाजूंना इतका उलटा निघतो, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी या कामाची खरी गोडी लागली. फक्त पेशंटशी बोलून ‘स्टाफ लक्ष देत नाही’ असा अहवाल लिहिता येतो, फक्त स्टाफशी बोलून ‘पेशंट समाधानी आहेत’ असाही. दोन्ही अर्धेच.

स्टाफच्या मुलाखती तुलनेने अवघड जातात. पेशंटला सांगायची हौस असते, पण ऐकणारं कुणी नसतं. सिस्टरांना वेळ नसतो आणि वर आपलं बोलणं मेट्रनपर्यंत पोचेल ही धास्ती. ड्युटीरूममध्ये मुलाखत घेऊ नका. तिथे दर पाच मिनिटांनी दार उघडतं आणि प्रत्येक वेळी वाक्य बदलतं. सुरुवातीला उत्तरं ‘नियमाप्रमाणे’ येतात: आम्ही दर दोन तासांनी असं करतो, तसं करतो. तेव्हा एकच प्रसंग पकडावा. परवाची पाळी, ड्युटी ताब्यात घेण्यापासून. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडलेली ‘क्रिटिकल इन्सिडंट’ पद्धत नेमकी हेच करते: सर्वसाधारण मत नको, ठरावीक घटना सांगा, कुणी काय केलं आणि पुढे काय झालं. मूळ विमानचालकांच्या अभ्यासातून आलेली ही पद्धत आज नर्सिंगच्या संशोधनात छान रुळली आहे.

‘बारा नंबरला इंजेक्शन दिलं का?’ असं ऐकलं की नवखा संशोधक वहीत लगेच ‘असंवेदनशीलता’ लिहून मोकळा होतो. मीही लिहिलं होतं. मग मनोविश्लेषक इझाबेल मेंझिस यांचा लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयातला, १९६० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचनात आला. नावाऐवजी खाटेचा नंबर किंवा आजार, कामाचे तुकडे, एका पेशंटशी एका नर्सचा फार संबंध येऊ न देणं, या सगळ्याकडे त्यांनी दुःख आणि मृत्यूच्या सान्निध्यात काम करणाऱ्या माणसांनी उभारलेली चिंतेविरुद्धची तटबंदी म्हणून पाहिलं. गंमत म्हणजे ही तटबंदी चिंता फारशी कमी करत नाही, असंही त्यांचं म्हणणं होतं. ते वाचल्यावर वहीतला शब्द खोडला आणि पुढच्या मुलाखतीत विचारलं, "एखाद्या पेशंटचं नाव लक्षात राहिलंय का?" त्या बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग तीन नावं सांगितली. तिघंही गेलेले.

ती शांतता मोडू नका. बेकमन आणि फ्रँकेल यांच्या १९८४ सालच्या अभ्यासात डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांपैकी फक्त १७ भेटींत पेशंटला सुरुवातीचं म्हणणं पुरं करता आलं. जिथे डॉक्टरांनी मध्येच तोडलं, तिथे सरासरी १८ सेकंदांत. हे मी डॉक्टरांवर तोंडसुख घेत सगळ्यांना सांगत असे. एकदा सहज माझ्याच एका मुलाखतीचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवलेला मजकूर, घड्याळ लावून तपासलं. पुढे हा आकडा मी जरा खालच्या आवाजात सांगू लागले.

ट्रान्सक्रिप्टबद्दल. तासाभराच्या मुलाखतीला मला सहा-सात तास लागतात, तुम्हाला सुरुवातीला जास्तच लागतील. पहिल्या चार-पाच तरी स्वतः लिहून काढा. आपण कुठे घाई केली, कुठे उत्तर तोंडात घातलं, सगळं कानावर येतं आणि कान चांगले पिळले जातात. माणूस बोलला तसंच लिहा, प्रमाणभाषेत इस्त्री करू नका. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने ‘जीव घाबरा झाला’ या वाक्याला ‘श्वसनाचा त्रास’ असं कोड (विश्लेषणासाठी द्यायचं छोटं नाव) दिलं, दुसरीने ‘चिंता’ असं. दोघंही तावातावाने भांडले. पेशंटला मुळात काय म्हणायचं होतं, ते मुलाखतीतच "घाबरा म्हणजे कसा?" एवढं विचारून कळलं असतं. ‘कसंनुसं झालं’, ‘अंगातलं त्राण गेलं’ असे शब्द आपल्याला इतके ओळखीचे असतात की विचारायचंच राहून जातं. जे स्वतः नर्सिंग किंवा वैद्यकीतून या कामात येतात, त्यांना हा फटका दुप्पट बसतो. समोरचा "तुम्हाला तर माहीतच आहे" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. तिथे म्हणायचं, "मला काहीच माहीत नाही असं समजून सांगा."

‘किती मुलाखती पुरतात?’ हा प्रत्येक नवख्याचा पहिला प्रश्न असतो. उत्तरादाखल बारा हा आकडा फेकला जातो. तो आला ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या लेखातून. त्यांनी ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या बारांनंतर नवं असं फार थोडं मिळालं. पण त्यांचा गट बराच एकसारखा होता आणि प्रश्नही आखीव होते. तुमच्याकडे पेशंट, नातेवाईक, सिस्टर, वॉर्डबॉय अशी चार तऱ्हेची माणसं असतील, तर बारा म्हणजे प्रत्येकी तीन. मार्गदर्शकांना हे सांगायची हिंमत ठेवा.

विश्लेषणात नवख्यांनी काढलेले विषय (थीम) म्हणजे बहुधा प्रश्नावलीचीच शीर्षकं असतात: ‘डॉक्टरांशी संवाद’, ‘स्वच्छता’, ‘जेवण’. या कप्प्यांत नुसता माल भरलेला असतो, सांगणं काहीच नसतं. ‘बेल न वाजवून दुसऱ्याचा वेळ वाचवणं’ हा विषय झाला. मुलाखतींमधून थीम काढण्याच्या पद्धतीवर लिहिणाऱ्या ब्रॉन आणि क्लार्क यांचं बजावणं इथे कामी येतं: थीम मजकुरातून आपोआप ‘उगवत’ नाही, ती संशोधक घडवतो. म्हणून तिची जबाबदारीही आपलीच. लेख छापताना ‘कोरेक’ (COREQ) ही, मुलाखतींवर आधारलेल्या संशोधनात काय काय नोंदवायचं याची ३२ मुद्द्यांची यादी मागतात. ती शेवटी भरण्याऐवजी सुरुवातीलाच समोर ठेवा. मुलाखत कुणी घेतली, त्याची पेशंटशी आधीची ओळख काय, जवळ आणखी कोण हजर होतं, असे प्रश्न त्यात असतात. माझ्या एप्रनचा घोटाळा त्या यादीने पहिल्या दिवशीच पकडला असता.

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, लेखी परवानगी येईपर्यंत ‘सहज गप्पा’सुद्धा मारू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पेशंटची संमती घ्यायला लावू नका, त्यांना नाही म्हणणं पेशंटला जड जातं. कुणाला इजा होत असल्याचं कानावर आलं तर काय करणार, हे आधी ठरवा आणि रेकॉर्डर चालू करण्यापूर्वी समोरच्याला सांगा. रेकॉर्डर बंद झाल्यावर माणसं खरं बोलू लागतात. तेव्हा "हे लिहून घेऊ का?" असं सरळ विचारा, नाही म्हणाले तर विसरा. आणि दिवसाला दोनच मुलाखती, त्यातही कर्करोगाच्या किंवा अंतिम काळजीच्या वॉर्डात एकच. मी एकदा चार घेतल्या. चौथीत काय ऐकलं, ते मला ट्रान्सक्रिप्ट वाचून कळलं.

नावं बदलली म्हणजे ओळख लपली, असं होत नाही. वॉर्डात एकच पुरुष नर्स असेल तर ‘एक पुरुष नर्स’ एवढंच पुरतं. आमचे निष्कर्ष वॉर्डात मांडले, तेव्हा बेलचा मुद्दा मी आजींचा म्हणून सांगितला नाही. तसं सांगणारे आणखी चौघं निघाले होते, त्या पाचांचं मिळून एक सांगणं केलं. इन्चार्ज सिस्टरांनी तरी विचारलंच, "कोणत्या बेडचं आहे हे?" मी म्हटलं, एका बेडचं नाही. त्या ड्युटीचा तक्ता उलगडून बराच वेळ बघत राहिल्या. मग रात्रपाळीच्या दोघींना म्हणाल्या, "दिवे घालवायच्या आधी एकदा प्रत्येकाला बाथरूमचं विचारत जा. बेलची वाट बघू नका."