अमेरिकेत हरणाच्या शिकारीला सुरुवात करताना: इंच, भाडे आणि परवानगी

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी उघडतो. मिशिगनमध्ये वार कोणताही असो, बंदुकीचा हंगाम १५ नोव्हेंबरलाच उघडतो. आणि पेनसिल्व्हेनियात २०१९ च्या आधी तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडत असे, तेव्हा त्या दिवशी अनेक शाळा सरळ बंद ठेवल्या जात. या तारखांभोवती एक घरगुती रीत वाढली. आजोबा, काका, शेजारी मिळून रानातल्या खोपट्यात उतरायचे, नेम चुकलेल्याच्या सदऱ्याची मागची पट्टी कापून भिंतीवर टांगायची आणि शेवटी मांसाचे वाटे करायचे. ती रीत आजही मोडलेली नाही, परंतु तिच्या शेजारी जमिनीचे भाडे, शिंगांचे इंच आणि कॅमेऱ्यांचे जाळे यांची एक वेगळी दुनिया उभी राहिली आहे, आणि नव्याने शिकारीला लागणाऱ्या माणसाला बहुधा तीच आधी दिसते. तिच्यात न अडकता सुरुवात कशी करावी, हे येथे सांगायचे आहे.

आधी पैशाची वाट नेमकी कोठून आत आली ते समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. पैसा या क्षेत्रात नवा नाही. एकोणिसाव्या शतकात हरणाचे मांस आणि कातडे बाजारात विकण्यासाठी अशी कत्तल झाली की १९०० च्या सुमारास देशभरात पांढऱ्या शेपटीची हरणे, म्हणजे व्हाइटटेल, जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेले प्राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी केली, राज्यांनी रानातल्या हरणाच्या मांसाची विक्री थांबवली, आणि आज ही संख्या सुमारे तीन कोटींवर पोहोचली आहे. रानातले हरीण कोणा एकाच्या मालकीचे नसते. राज्य ते जनतेच्या वतीने सांभाळते. जमीन मात्र खाजगी असते. त्यामुळे मांस विकता येत नाही, पण हरीण जेथून दिसेल त्या झाडावर बसण्याचा हक्क विकता येतो, आणि आजचा सगळा व्यापार या एका फटीतून वाढला आहे.

त्या हक्काचे दर इंचांवर ठरत असल्यामुळे दुसरी पायरी म्हणजे शिंगांचे इंच मोजायला शिकणे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण ज्याला मोजता येत नाही तो दुसऱ्याच्या तोंडच्या आकड्याने दिपून जातो. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने १९५० मध्ये जी पद्धत स्वीकारली तीच आज सर्वत्र चालते. पाव इंच रुंदीची पोलादी टेप घ्यावी आणि प्रत्येक माप इंचाच्या आठव्या भागापर्यंत लिहावे. शिंगांच्या दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, प्रत्येक बाजूला ठरलेल्या चार ठिकाणचा घेर आणि दोन दांड्यांमधले आतले अंतर, एवढ्यांची बेरीज करायची. फाटा मोजण्यासाठी तो किमान एक इंच लांब आणि रुंदीपेक्षा जास्त लांब असावा लागतो. आतल्या अंतराला लांब दांड्याच्या मापापेक्षा जास्त गुण मिळत नाहीत. यानंतर वजाबाकी येते: डावा दांडा २४ इंच आणि उजवा २२ १/२ इंच असेल तर दीड इंच कापला जातो, आणि हाच नियम फाट्यांना व घेरांना लागू होतो. वजाबाकीपूर्वीचा आकडा ‘ग्रॉस’, नंतरचा ‘नेट’. जाहिरातीत आणि गप्पांमध्ये जवळजवळ नेहमी ग्रॉस आकडा सांगितला जातो, हे लक्षात ठेवले तरी निम्मे दडपण उतरते. अधिकृत मोजणीपूर्वी शिंगे साठ दिवस वाळवावी लागतात, कारण ती आकसतात. नियमित ठेवणीची शिंगे असलेल्या व्हाइटटेलला क्लबच्या कायम नोंदवहीत जाण्यासाठी नेट १७० इंच लागतात. केवळ धनुष्यबाणाच्या शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबमध्ये १२५ पुरतात. बहुसंख्य शिकाऱ्यांना आयुष्यभरात १७० इंचांचा नर मारायला मिळत नाही.

ही टेप आली तेव्हा हेतू जनावरांची नोंद ठेवण्याचा होता. पुढे तिच्यावरून दर ठरू लागले. तिच्या आधीचा काळ कसा होता, हे जेम्स जॉर्डन यांच्या हरणावरून कळते. त्यांनी १९१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या डॅनबरीजवळ एक प्रचंड नर मारला आणि डोके पेंढा भरण्यासाठी एका कारागिराकडे दिले. कारागीर गाव सोडून गेला, डोके हरवले. १९६४ मध्ये मिनेसोटातल्या सँडस्टोन येथे जुन्यापुराण्या वस्तूंच्या विक्रीत ते कोणीतरी तीन डॉलरला उचलले. मोजणी झाली तेव्हा तो जगातला विक्रम निघाला, आजच्या नोंदीत २०६ १/८ इंच. जॉर्डन यांचे नाव त्या नोंदीला १९७८ मध्ये लागले, तेव्हा ते हयात नव्हते. १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये मायलो हॅन्सन यांनी २१३ ५/८ इंचांचा नर मारून तो विक्रम मोडला. तोपर्यंत अशा शिंगांना तीन डॉलरची वस्तू म्हणणारा कोणी उरला नव्हता.

आता जागा कशी मिळवावी याकडे येऊ, कारण या बदलाची खरी झळ तेथे बसते. विस्कॉन्सिनमधील बफेलो काउंटी आणि इलिनॉयमधील पाइक काउंटी यांची नावे नोंदवह्यांत वारंवार येऊ लागली, तशी तेथील शेते एकरी दराने वर्षभरासाठी भाड्याने जाऊ लागली, आणि पिढ्यानपिढ्या शब्दावर शिकार करणाऱ्या शेजाऱ्याला दारात ‘यंदा लीज झाली’ एवढेच ऐकून परतावे लागले. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. जो मालक लोकांना फुकट शिकार करू देतो त्याला राज्यांचे कायदे अपघाताच्या जबाबदारीपासून बऱ्याच अंशी वाचवतात. पैसे घेतले की ते संरक्षण बहुतेक ठिकाणी गळून पडते आणि विमा काढावा लागतो. म्हणजे एकदा भाडे घेऊ लागला की त्याला उरलेल्या फुकट्यांना ठेवणे परवडत नाही. लीजमध्ये भागीदार व्हायचे असेल तर लेखी करार, विम्याची प्रत आणि भागीदारांची संख्या या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझ्या मते पहिली तीन वर्षे तरी लीज घेऊच नये; तोपर्यंत आपल्याला काय हवे आहे हेच कळलेले नसते.

सार्वजनिक जमीन ही पहिली वाट. राष्ट्रीय वने सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहेत, पण त्यांचा मोठा भाग पश्चिमेला आहे; पूर्वेकडे राज्यांच्या जमिनी जास्त कामाच्या, जसे पेनसिल्व्हेनियातील सुमारे १५ लाख एकर ‘स्टेट गेम लँड्स’. टेक्सासमध्ये जवळजवळ सगळी जमीन खाजगी असल्यामुळे तेथे ही वाट अरुंद आहे. काही राज्ये शेतकऱ्याला स्वतः मोबदला देऊन त्याची जमीन सर्वांना उघडतात: मिशिगनची योजना १९७७ पासून, कॅन्ससची ‘वॉक-इन’ योजना १९९५ पासून चालू आहे. त्यांचे नकाशे हंगामापूर्वी राज्याच्या वन्यजीव खात्याकडे मिळतात. नकाशा घेऊन ऑगस्टमध्ये पायी फिरावे, गाड्या लावण्याच्या जागेपासून बरेच आत, ओढा किंवा दलदल ओलांडावी लागेल अशा ठिकाणी खुणा शोधाव्यात, आणि शक्य तर शनिवार-रविवार सोडून बसावे.

दुसरी वाट म्हणजे दार ठोठावणे. ती संपली असे सर्वजण सांगतात, पण ती संपलेली नाही. फक्त त्या वाटेने जाण्याची एक पद्धत आहे. हंगाम तोंडावर आल्यावर, शेतात कापणीचे यंत्र फिरत असताना जाऊ नये. फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये, दिवसाउजेडी, एकट्याने किंवा मुलाला घेऊन, साध्या कपड्यांत जावे. शिकारीचा चट्ट्यापट्ट्यांचा पोशाख घालून दारात उभा राहणारा माणूस मालकाला मागणी घेऊन आल्यासारखा वाटतो. आपले नाव, आपण कोठे राहतो आणि कोणती गाडी कोठे उभी करू हे आधी सांगावे. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा. ‘तुमच्याकडे मोठे नर आहेत का?’ असे कदापि विचारू नये, कारण तो प्रश्न त्याने भाड्याने घेऊ पाहणाऱ्यांकडून अनेकदा ऐकलेला असतो. ‘हरणे मका, सोयाबीन किती खातात? मी फक्त माद्या मारल्या तर चालेल का?’ असे विचारावे. कळपाची वाढ माद्यांवर ठरते, पिकाचे नुकसान त्यामुळे कमी होते, आणि जेथे नरांसाठी लीज दिलेली आहे तेथेही माद्या मारायला माणूस हवा असतो. माझ्या पाहण्यात या एका प्रश्नाने जितकी फाटके उघडली तितकी पाकिटाने उघडली नाहीत. होकार मिळाला तर तो कागदावर घ्यावा; ओहायोत लेखी परवानगी कायद्यानेच लागते. टेक्सास, मिसुरी अशा राज्यांत झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा पट्टा दिसला तर त्याचा अर्थ ‘आत येऊ नये’ असाच आहे, पाटी नसली तरी. मित्राला न विचारता बरोबर नेऊ नये. फाटक जसे मिळाले तसेच ठेवावे, उघडे असेल तर उघडे.

सामानाबद्दल थोडक्यात. हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या सुरक्षित पद्धतींच्या शिक्षणाचा, दाखला आणि परवाना आधी, खरेदी नंतर. बंदूक घेण्यापूर्वी आपल्या राज्यात हरणासाठी कोणते काडतूस चालते ते पाहावे. आयोवा, ओहायो येथे रायफलसाठी सरळ कडांच्या, म्हणजे तोंडाकडे एकदम अरुंद न होणाऱ्या, काडतुसांचा नियम आहे. झाडावर चढणार असाल तर सुरक्षापट्टा ही एकच महागडी गोष्ट अनिवार्य समजावी. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफल, शॉटगन आणि दारूगोळ्यावर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, तेव्हा या क्षेत्रातला सगळाच पैसा वाया जातो असे मी म्हणणार नाही. ट्रेल कॅमेरा, म्हणजे रानात बांधून ठेवायचा आणि जनावर समोर आले की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा, मात्र विचार करून घ्यावा. फोनवर चित्र पाठवणारे कॅमेरे आल्यापासून लोक जूनपासूनच नरांना टोपणनावे देतात आणि त्यांची यादी करतात; मग नोव्हेंबरात समोर आलेले हरीण यादीतले नाही म्हणून सोडले जाते आणि संध्याकाळी माणूस हिरमुसून घरी येतो. ॲरिझोनाने शिकारीसाठी सगळ्याच ट्रेल कॅमेऱ्यांवर २०२२ पासून बंदी घातली आहे. एखादा साधा कॅमेरा पुरे, तोही पाऊलवाट कोणत्या वेळी वापरली जाते एवढे कळण्यासाठी.

पहिले हरीण मादी असावे, असे मी ठामपणे म्हणेन. तरुण नरांना वाचवण्याची चळवळ स्वतः वाईट नाही. १९८८ मध्ये त्यासाठी संघटना उभी राहिली, आणि पेनसिल्व्हेनियाने २००२ मध्ये नराच्या एका शिंगावर ठरावीक फाटे असल्याशिवाय तो मारू नये असा नियम केला, तेव्हा जुन्या शिकाऱ्यांनी मोठा विरोध केला. कळपाच्या वयोरचनेसाठी तो विचार चांगला होता. पण शेजाऱ्याने कायदेशीरपणे मारलेल्या लहान नराला नावे ठेवण्याचे हत्यार म्हणून तो वापरला जातो, तेव्हा त्यात कळपाचे हित राहत नाही. इंचांऐवजी वय वाचायला शिकावे. जबड्याचे हाड स्वच्छ धुऊन खिडकीशी धरावे आणि पुढून तिसरी दाढ पाहावी: तिच्यावर तीन उंचवटे असतील तर ती दुधाची आहे आणि हरीण दीड वर्षांच्या आतबाहेरचे आहे, दोनच असतील तर ती पक्की आहे. पुढे दाढांचा पांढरा एनॅमल झिजून आतला तपकिरी थर रुंदावत जातो, त्यावरून साधारण वय कळते. हे हाड टेपपेक्षा कितीतरी अधिक सांगते आणि त्याला बाजारभाव नाही.

उंच कुंपणाच्या आत पैदास केलेल्या नरांची शिकार, जिथे दरपत्रक इंचांच्या टप्प्यांनी छापलेले असते, ती बून अँड क्रॉकेट क्लब नोंदवहीत घेत नाही. सुरुवात करणाऱ्याने तिकडे जाऊ नये हे सांगायला एवढे पुरे. तिचा दुसरा धोका रोगाचा आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झिजवून मारणारा रोग १९६७ मध्ये कोलोराडोतल्या एका संशोधन केंद्रातील हरणांत प्रथम दिसला, २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला, आणि पाळीव हरणांची ने-आण हे त्याच्या प्रसाराचे एक कारण मानले जाते. एका ठिकाणी आमिष टाकून हरणे गोळा करणेही त्याला पोषक ठरते, म्हणून अनेक भागांत आमिषबंदी आहे. माणसाला हा रोग झाल्याची नोंद नाही, तरीही बाधित प्रदेशातले डोके तपासणीला द्यावे, निकाल येईपर्यंत मांस वेगळे गोठवून ठेवावे आणि बाधित निघाल्यास खाऊ नये, असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

निकाल चांगला आला की पहिला वाटा शेतमालकाचा. तो देताना कच्चे मांस पिशवीत घालून दारात ठेवू नये. त्याच्या घरी कोणता प्रकार खाल्ला जातो ते विचारून, खाटकाकडून सॉसेज किंवा खिमा करून, पाकिटावर तारीख लिहून द्यावा. त्या भेटीत पुढच्या वर्षाची परवानगी मागू नये. कोणत्या कुंपणाची तार तुटली आहे, कोणत्या कोपऱ्यात हरणांनी मका जास्त खाल्ला आहे, हे आपल्याला हंगामात दिसलेले असते. ते सांगावे, आणि तार ताणायला मार्चमधल्या एखाद्या शनिवारी येतो म्हणून कबूल करून त्या दिवशी खरोखर जावे.