तोच कुर्ता पुन्हा हवाय? मग जुना उसवा

दुकानात तोच कुर्ता पुन्हा मिळेल ही आशा आधी सोडा. लेबल तेच, साइज तीच. पण तीन वर्षांनी जावं तर सुतीच्या जागी रेयॉन, बाही दोन बोटं आखूड आणि खिसा गायब. मी एकदा एकाच दिवशी ‘एम’ साइजचे दोन कुर्ते घेतले होते. घरी एकावर एक पसरले तर छातीत पाऊण इंचाचा फरक! ‘आवडला की एकदम पाच घेऊन ठेवा’ म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे, सहावा कुठून आणायचा?

‘टेलरला नमुना द्या, तो शिवेल’ हा सल्ला तर त्याहून वाईट. टेलर नमुन्यावर टेप लावतो आणि उंची, छाती, कंबर, सीट, खांदा, बाही असे सहा आकडे वहीत लिहितो. कुर्ता अंगात नीट बसतो तो मुंढ्यामुळे, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईमुळे, आणि मुंढ्याचा बाक टेपमध्ये येत नाही. तो टेलरच्या हाताच्या सवयीने कापला जातो. वर ‘ताई, जरा फिटिंगमध्ये घेऊ का?’ हे असतंच. नाही म्हणा.

कापडाचा हिशेब सोपा आहे. 42 इंच उंची आणि पाऊण बाही असेल तर 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड अडीच मीटर पुरतं. तीन कुर्ते हवे असतील तर साडेसात मीटर एकाच ताक्यातून घ्या, पुढच्या लॉटचा रंग हमखास उन्नीस-बीस निघतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, किंचित दमट असतानाच इस्त्री करा. हे टाळू नका. जुना कुर्ता आटायचा तेवढा आटलेला असतो, नवं कापड नसतं. सुती कापड चार टक्के आटलं तरी 42 इंचांतून दीड इंचाच्या वर जातं.

आता खरं काम. जुना कुर्ता उसवायचा. जीव तुटतो, मान्य. पण तो तसाही काखेत विरलाय. एकच बाजू उसवा, दुसरी शिवलेलीच राहू द्या. खिसा कुठे आणि कसा बसवलाय हे पाहायला ती लागते. पुढचा आणि मागचा भाग मधोमध दुमडून, बाही सुटी, असे तुकडे इस्त्री करून खाकी कागदावर ठेवा, कडेने आखा आणि कागद त्या आकारात कापा. ताणू नका. कापडाचा उभा धागा कागदाच्या कडेला समांतर हवा, तो तिरका गेला तर धुतल्यावर शिवण अंगाभोवती फिरते.

पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून बाहीच्या कागदावरही ‘पुढे’ आणि ‘मागे’ लिहा. बाह्या उलट लागल्या तर आरशात काही कळत नाही. कळतं ते लोकलमध्ये कडी धरताना.

माझी मोठी चूक पुढेच झाली. उसवलेल्या तुकड्यात शिवणीची माया, म्हणजे शिवणीत जाणारी जास्तीची कड, आधीच असते. मी कागद तसेच नेऊन दिले, आणि टेलरने सवयीप्रमाणे चहूबाजूंनी अर्धा इंच माया सोडली. दोन बाजूंच्या शिवणी, म्हणजे चार कडा. घेरात सरळ दोन इंच वाढले आणि कुर्त्याचा झगा झाला. त्याची चूक नव्हती. तेव्हापासून प्रत्येक कागदावर लाल पेनने ‘माया धरून’ असं लिहिते, शिवाय तोंडाने सांगते, आणि कापताना शक्य असेल तर समोर उभी राहते.

पहिला कुर्ता चांगल्या कापडाचा शिवू नका. मांजरपाट, म्हणजे स्वस्त साधं सुती कापड, आणा, तोही भिजवा. घालून दोन्ही हात वर करा, मग खाली वाकून चप्पल घाला. हात वर केल्यावर काखेत ओढलं तर मुंढ्याचा बाक चुकलाय. जुन्या तुकड्याशी पुन्हा ताडून पाहा.

कागद घडी न घालता गुंडाळून ठेवा, घडीवर आधी फाटतो. आणि मांजरपाटाचा तो कुर्ता टाकू नका. दोन धुण्यांनंतर इतका मऊ होतो की घरात मी तोच घालते.