पोट फुगतं, मळमळतं, जेवण नको वाटतं : डॉक्टरकडे जाण्याआधी वही कशी लिहावी

आमच्या वाडीत कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की हाक मला येते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. एसटीच्या वेळा तोंडपाठ आहेत आणि केसपेपरच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा नाही, एवढीच माझी पात्रता. पण पोटाची तक्रार घेऊन इतकी माणसं नेली आहेत की ‘ओवा चावा, हिंग लावा, बेंबी सरकली असेल’ हे सल्ले ऐकले की आता माझंच पोट दुखतं.

वही उघडायच्या आधी एवढं बघा. डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी, घास गिळताना अडकणं, डोळे पिवळे होणं किंवा पाणीही न टिकणारी उलटी यांपैकी काहीही असेल तर वही राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खाणं न बदलता वजन उतरत असेल तरी पंधरा दिवस लिहीत बसू नका. लावणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्या माणसाला ताप, मळमळ आणि पोटऱ्यांत ठणका असेल तर लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, असू शकतो, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मळमळीबरोबर घाम आणि छातीत दडपण असेल तर सोडा पाजू नका, १०८ ला फोन करा. मधुमेह्यांचा हार्ट अ‍ॅटॅक पुष्कळदा असाच ‘पित्त’ म्हणून येतो. पाळी चुकली असेल तर आधी गरोदरपणाची पट्टी तपासा.

यातलं काही नसेल, आणि तरी दोन-तीन आठवडे त्रास हटत नसेल, तर शंभर पानी वही घ्या.

आता अवघड भाग. वहीत ‘गॅस’ हा शब्द लिहायचा नाही. माझी आत्या चार महिने म्हणत होती, “माका गॅस झालो हा, जेवूक नको वाटता.” मीही तिच्यासाठी वही घातली होती. वहीत काय? सोमवारी पिठी-भात, गॅस. मंगळवारी बांगड्याचं तिखलं, गॅस. बुधवारी फणसाची भाजी, खूप गॅस. डॉक्टरांनी ती वही दोन मिनिटांत मिटली आणि गॅसचीच गोळी लिहून दिली. त्यांना बोल तरी कसा लावू? मी त्यांच्या हातात दुसरं काही दिलंच नव्हतं. दोन घासांत तिचं पोट भरायचं, सारखी लघवीला लागायची, साडीच्या निऱ्या कमी पडायला लागल्या होत्या. हे सगळं मला दिसत होतं, पण लिहिलं नव्हतं. शेवटी सोनोग्राफी झाली तेव्हा अंडाशयात गाठ निघाली.

तेव्हापासून मी शिंप्याची टेप वापरते. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, उभं राहून, श्वास सोडून, बेंबीच्या रेषेत पोट मोजायचं. रात्री निजण्याआधी पुन्हा तसंच. वायूने फुगलेलं पोट बहुधा सकाळी उतरलेलं असतं आणि दिवस चढेल तसं चढतं. सकाळचाच आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, आणि हातपाय मात्र सुकत असतील, तर तो वायू नव्हे. पोटात पाणी साठत असेल, गाठ असेल. यकृताचा आजार असेल, पोटाचा टीबी असेल. काय ते सोनोग्राफी सांगेल, शेजारीण नाही. पन्नाशीच्या पुढच्या बाईला महिन्यातले बाराहून जास्त दिवस पोट फुगतंय, किंवा चार घासांत पोट भरतंय, असं नव्याने सुरू झालं असेल तर अंडाशयाची तपासणी मागून घ्या. सोनोग्राफी आणि सीए-१२५ नावाची रक्ततपासणी. मागायला लाजू नका, मी लाजले होते.

टेपच्या आकड्याशेजारी लिहा : किती घासांनंतर पोट भरलं, मळमळ जेवणाआधी की नंतर, शौचाला झालं का आणि कसं. पोट साफ होत नसेल तर फुगणं आणि मळमळ दोन्ही त्यातून येऊ शकतात, आणि हे माणसं सगळ्यात शेवटी सांगतात. लघवी गडद पिवळी होतेय का तेही लिहा. पावसाळ्यात पाणी बिघडतं तेव्हाच्या काविळीत जेवणावरची वासना आधी उडते, डोळे मागाहून पिवळे होतात.

मग गोळ्या. घरातली पिशवी वहीवर ओता आणि नावं उतरवा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने मळमळतं, पोट फुगतं, भूक जाते. लोहाच्या गोळीनेही, शिवाय तिने शौच काळी होते, हे डॉक्टरांना सांगा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकने जठराला सूज येते. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका. डायक्लोफिनॅक परस्पर सुरू केली असेल तर परस्पर बंद करायला काय हरकत? आणि मशेरी. उपाशीपोटी मशेरी लावून मळमळतंय म्हणणाऱ्या चार बायका तरी मी नेल्या आहेत. ‘मशेरी’ हा शब्द केसपेपरवर त्यांच्या तोंडून नाही, माझ्या तोंडून गेला.

खाण्याची परीक्षा सोपी आहे : एका वेळी एकच पदार्थ. दोन आठवडे दूध बंद, चहातलंसुद्धा. फरक पडला नाही तर दूध परत सुरू आणि वाल-वाटाणा बंद. सगळं एकदम सोडून नुसत्या पेजेवर राहिलात तर बरं वाटेल, पण कशाने ते कळणार नाही.

डॉक्टर कदाचित जठराला सूज आणणाऱ्या एच. पायलोरी या जंतूंची तपासणी सांगतील. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन पाहिले आणि थोड्या दिवसांत त्यांना मळमळ-उलट्या सुरू झाल्या. पुढे २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. इथे एक खोच आहे. पँटोप्राझोलसारखी पित्ताची गोळी चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली तर जंतू असूनही ‘नाही’ येऊ शकतं. गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधीपासून बंद असावं लागतं. तुम्ही रोज सकाळी कुणाला न विचारता ती गोळी घेत असाल तर तपासणी लिहून देतानाच सांगा. आमच्या एका काकांची तपासणी आणि खर्च दोन्ही त्यात फुकट गेलं. जंतू निघाले तर औषधं बहुधा चौदा दिवसांची असतात. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून पाकीट फळीवर ठेवू नका.

दुर्बीण, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर बघणं, सांगितली तर उपाशीपोटी जायचं असतं, म्हणून पहिली एसटी धरा आणि सोबत कुणीतरी न्या. गुंगीचं औषध दिलं असेल तर त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही. घशात फवारा मारला असेल तर बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा नको. नंतर खायला डब्यात मऊभात न्या, स्टँडवरचा वडा त्या दिवशी नको.