एसी दुपारीच का बंद पडायचा

एप्रिल संपता संपता परभणीत पारा ४३ वर गेला आणि आमचा एसी दुपारी दोननंतर नुसता पंख्यासारखा चालू लागला. गॅस दोनदा तपासला, बरोबर होता. शेवटी मीच गच्चीवर चढलो. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या कठड्याला चार बोटं सोडून बसवलेलं, समोरच पाण्याची टाकी. फेकलेली गरम हवा टाकीवर आपटून मागच्या जाळीतून परत आत ओढली जात होती. जाळीत धूळ अन् कापसाचे पुंजके. पत्र्याला हात लावला तर चटकाच बसला. कॉम्प्रेसर तापून आपोआप बंद पडत होता.

युनिट उत्तरेच्या भिंतीवर, छज्जाच्या सावलीत, लोखंडी अँगलवर घेतलं. मागे फूटभर जागा, समोर पूर्ण मोकळं. पायांखाली रबर दिलं, नाहीतर रात्रभर भिंत घुमते.

एक गोष्ट मात्र हट्टानं करून घ्या. नळ्या जोडल्यावर त्यांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावायलाच सांगा. आमच्याकडे आधीच्या मेकॅनिकनं पंप न लावता नळीत थोडा गॅस सोडून त्याच्या जोरानंच हवा बाहेर काढली होती. तशानं नळीत हवा आणि ओल राहून जाते.

परवा पारा ४४ वर होता. आई दुपारी चारपर्यंत गाढ झोपली होती.