ऐतिहासिक भव्यपटाचं ऑर्केस्ट्रा संगीत: या चुका टाळा

राजा नुसता दालनात शिरतोय आणि सगळे हॉर्न, सगळे ट्रॉम्बोन, ढोल, वर कोरस असा एकच गदारोळ! नवख्यांच्या बहुतेक फायली अशाच सुरू होतात. सगळं इथेच उधळलंत तर शेवटच्या लढाईला काय उरणार? मी लढाईचं संगीत आधी लिहितो आणि ट्रॉम्बोन तिथपर्यंत जमेल तितके राखून ठेवतो. लढाईत टापा, तलवारी, आरोळ्या असतातच. त्यात व्हायोलिनची बारीक नक्षी कुणाला ऐकू येणार? लांब स्वर लिहा.

माझं खरं भांडण आहे ते सॅम्पलवरच्या, म्हणजे संगणकात भरलेल्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांवरच्या, आंधळ्या विश्वासाशी. एका रेकॉर्डिंगला मी पार्ट (प्रत्येक वादकाची स्वरलिपी) तपासायला होतो. राणीच्या निरोपाची धून फ्लूटला दिली होती, तीही अगदी खालच्या सप्तकात, आणि खाली चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन. संगणकावरच्या डेमोत ती सुरेख ऐकू येत होती, कारण तिचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर सरकवलेला. हॉलमध्ये फ्लूट वाजतेय हे फक्त वाजवणारीच्या ओठांवरून कळत होतं. काचेपलीकडून संगीतकार सांगतोय, "अजून जोरात!" अहो, त्या पट्टीत फ्लूटला जोर असतोच कुठे? माइक जवळ नेला, तर त्यात हॉर्नही घुसले. शेवटी ब्रास, म्हणजे ते हॉर्न-ट्रॉम्बोन, पूर्ण खोडलं, चेलोंना हळू लांब स्वर दिले आणि धून वर आली. तोवर अख्खा ऑर्केस्ट्रा बसून, स्टुडिओचं मीटर चालू.

एकल वाद्य आलं की मी डेमो बंद करतो, कागदावर फक्त तेवढे तालखंड बघतो आणि त्या वाद्याच्या पट्टीत गर्दी करणारं सगळं खोडतो. फेडरला हात लावायच्या आधी रबर हातात घ्या. पण सॅम्पलची लायब्ररी विकत घेतली की ऑर्केस्ट्रेशन (कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार याची मांडणी) आलंच, असं मानणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.

टेंप ट्रॅकची, म्हणजे संकलनात चित्रावर तात्पुरत्या लावलेल्या दुसऱ्या संगीताची, नक्कल करू नका. संगीत कुठे शिरतं, कुठे थांबतं एवढं टिपा आणि तो म्यूट करा.

चित्रफीत सेकंदाला २४ फ्रेमची की २३.९७६ ची, हे पहिलं विचारा. दहा मिनिटांत ०.६ सेकंदाचा फरक पडतो आणि तलवारीचा घाव तालातून निसटतो.

जुनं वाद्य वरून चिकटवलं म्हणून काळ उभा राहत नाही. संगीतकार मिक्लोश रोझा यांनी १९५१ च्या 'क्वो वाडिस' या चित्रपटासाठी प्राचीन ग्रीक संगीताचे अवशेष अभ्यासले, पण ते विरघळवले आधुनिक ऑर्केस्ट्रातच.

फुंकीच्या वाद्यांना श्वासाची जागा ठेवा. सॅम्पलला धाप लागत नाही, माणसाला लागते.

आणि हार्पला भराभर अर्धस्वर लिहू नका. तिथे सात पेडल पायांनी बदलावे लागतात, आणि पाय दोनच असतात.